ट्रेलरवरची रिकामी जागा

उस्मानचाचा,

तुमच्या जागी ठेवलेल्या ड्रायव्हरने परवा पोकलेनच्या चेनमध्ये अडकलेली माती काढायला साफ नकार दिला. "ताई, मी ड्रायव्हर आहो, मशीन धुवाले नाही आलो," असं तोंडावर म्हणाला. मी अशी ओरडले की यार्डातलं कुत्रं उठून फाटकाबाहेर जाऊन बसलं. मग खोलीत येऊन पाणी प्यायले, आणि बसल्या बसल्या मला तुमचाच राग आला. माणसाने इतकी वर्षं इतकं नीट काम करू नये. त्याच्यामागून येणारा प्रत्येक जण कामचुकार वाटायला लागतो.

तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. लोक भेटतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात, आणि जाता जाता एक वाक्य हमखास टाकतात. "तेवढं एक त्या पुलाचं सोडलं, त चाचाच्या हातून कधी चूक नाही झाली." गेल्या आठवड्यापर्यंत मी या वाक्याला मान हलवत होते. सात वर्षं हलवली. तो पूल तुमच्या नावावर लागला, पण तो मोडला माझ्यामुळे, हे आपल्या दोघांनाच माहीत होतं. तुम्ही गेलात आणि ते माहीत असणारी मी एकटी उरले. एकटीला ते पेलेना. मग मी काय केलं, ते तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही असताना करायला हवं होतं, हेही मला कळतं. वरातीमागून घोडं, दुसरं काय म्हणणार.

भातकुलीच्या शाळेत मी गणित शिकवत होते. बाबांना अर्धांगवायू झाला, आणि अमरावतीच्या यार्डात उभा असलेला एक ट्रेलर, त्याला ओढणारा एक घोडा आणि तुम्ही, एवढा संसार माझ्या गळ्यात पडला. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला घोडा म्हणतात, हेही मला तुम्हीच सांगितलं. पहिल्याच दिवशी मी रुबाबात म्हटलं, "चाचा, आपल्या ट्रेलरची पासिंग पंचवीस टनांची, मशीन एकवीस टनांची. म्हणजे चार टन जागा दर खेपेला वाया जाते."

तुम्ही डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. "ताई, टनाले जागा नाही म्हणत. जागा येगळी, वजन येगळं."

गणिताच्या बाईला असं कोणी म्हणायचं नसतं. मी कागद घेतला, तुम्हाला बेरीज-वजाबाकी मांडून दाखवली. तुम्ही कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, परत दिला आणि म्हणालात, "बरोबर आहे. पण याच्यात चिखल कुठी लिहिला?"

दर्यापूरकडची काळी माती ज्याने पाहिली नाही त्याला हे कळायचं नाही. मलाही कळायला दोन वर्षं लागली. शेततळं खोदून मशीन वर आली की दोन्ही चेनमध्ये, पोटाखाली, बकेटच्या कोपऱ्यांत माती अशी बसलेली असते की वाळल्यावर पहारीने फोडावी लागते. कागदावर एकवीस टनांची असलेली मशीन तिथून निघते तेव्हा कधी कधी साडेबावीसची होऊन निघते. तुम्ही ती तशी कधी चढवली नाही. तुमच्या सीटमागे एक पहार आणि दोन खुरपी कायम असायची. ऑपरेटर कुरकुरायचा, काम देणारी पार्टी घड्याळ दाखवायची, आणि तुम्ही लुंगी खोचून चेनपाशी उकिडवे बसलेले. "उस्मानचाचा पोकलेनले आंघोळ घालते आन् मंगच सासरी नेते," अशी तुमची थट्टा चालायची. तुम्ही वरही न बघता म्हणायचे, "नवरी मळलेली चालन का बाप्पा?"

पण तुमचा खरा हट्ट होता मागच्या जागेचा. मशीन चढवली की ट्रेलरच्या शेपटाकडे सात-आठ फूट मोकळे राहतात, आणि प्रत्येक पार्टीचा डोळा त्या सात-आठ फुटांवर. जादा बकेट ठेवा, दगड फोडायचा ब्रेकर ठेवा, डिझेलचे ड्रम ठेवा, ऑपरेटरची खाट ठेवा. एकाने तर दोन बकऱ्या आणून बांधल्या होत्या, आठवतं? त्याची बहीण त्याच रस्त्यावर राहायची म्हणे. तुम्ही बकऱ्या सोडून त्याच्या हातात दोर दिला आणि सांगितलं, "थे जागा रिकामी नाही, भाऊ. मशीन उतरायची वाट आहे थे."

ही वाट तुम्हाला का लागायची, ते मी एकदा तुमच्यासोबत केबिनमध्ये बसून गेले तेव्हा पाहिलं. आपल्याकडे गावोगावी नाल्यांवर जुने बुटके पूल आहेत, बैलगाड्यांच्या आणि एसटीच्या मानाने बांधलेले. तसा पूल आला की तुम्ही गाडी अलीकडे उभी करायचे, रॅम्प टाकायचे, मशीन खाली उतरवायचे आणि ती तिच्या पायांनी नाल्यातून चालवत पलीकडे न्यायचे. रिकामा ट्रेलर पुलावरून काढायचे. पलीकडे मशीन परत चढवायची, साखळ्या परत कसायच्या. दीड तास जायचा. त्या दिवशी मी बांधावर बसून दोन वेळा घड्याळ पाहिलं, तर तुम्ही म्हणालात, "ताई, पुलाची पाटी वाचता येते, त्याचं पोट नाही वाचता येत."

मला तुमचं म्हणणं पटायचं, पण ते फक्त केबिनमध्ये. यार्डात परत आले, फोन कानाला लावला, की उंटावरून शेळ्या हाकायला मी मोकळी. बाकीचे ट्रेलरवाले एका खेपेत सगळं नेतात, पार्ट्या त्यांच्याकडे जातात, आणि आमचे चाचा माती खरवडत बसतात, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं आहे. तुमच्या कानावर गेलं असणार. यावर उपाय म्हणून मोठा ट्रेलर घ्यायचा, जादा चाकांचा, हे माझं टुमणं शेवटपर्यंत होतं. "गाडी मोठी घेतली त पार्टी माल अजून मोठा आणते," हे तुमचं उत्तरही शेवटपर्यंत. हा वाद काही मिटला नाही. तुम्ही असतात तर मी आजही हरले नसते.

बाबांसाठी तुम्ही जे केलं त्याबद्दल मी तुमच्याशी कधी बोलले नाही, कारण बोलायला गेले असते तर रडले असते. बाबांची वाचा गेली होती. भेटायला येणारे दोन मिनिटं बसायचे, "बरं वाटते ना?" म्हणायचे आणि माझ्याशी बोलायला लागायचे. तुम्ही दर जुम्म्याला नमाज झाली की यायचे, खुर्ची पलंगाशी ओढायचे आणि त्या आठवड्यातल्या सगळ्या खेपा त्यांना सांगायचे. कोणती मशीन, कुठून कुठे, कोणत्या फाट्यावर वीजतार खाली आलेली, मशीनचा लांब हात, बूम, किती खाली घ्यावा लागला. बाबा डाव्या हाताने चादरीवर रेघ ओढायचे आणि तुम्ही म्हणायचे, "हो भाऊ, त्याच रस्त्यानं गेलो." मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. ती चार वर्षं माझे वडील जिवंत माणसासारखे राहिले, त्यातला मोठा वाटा तुमचा आहे. हे आज लिहून ठेवते.

आता तो पूल.

दर्यापूरच्या पुढे एका शेतातून मशीन उचलायची होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याकडे रस्त्याच्या कामावर उभी करायची होती. पार्टी मोठी, वर्षाचं काम देणारी. तुम्ही फोन केला की माती ओली आहे, खरवडायला वेळ लागेल, शिवाय पार्टी ब्रेकर आणि दोन बकेट मागे ठेवायला सांगते आहे, मी नाही म्हटलं, दोन खेपा करू. इकडे पार्टीचा माणूस मला दुसऱ्या फोनवर सांगत होता की तुमच्या चाचाला जमत नसेल तर आम्ही दुसरी गाडी बघतो. माझं डोकं फिरलं. मी दर्यापूरपर्यंत काळीपिवळी जीपने गेले आणि तिथून कोणाच्या तरी मोटरसायकलवर शेतात पोहोचले. मला अजून आठवतं, माझ्या चपला चिखलात रुतत होत्या आणि त्याचाही राग मी तुमच्यावरच काढला.

तिथे पंधरा-वीस माणसं होती. त्यांच्यासमोर मी तुम्हाला म्हटलं, "गाडी माझी आहे, चाचा. चालवायची नसेल तर किल्ली ठेवा."

 तुमच्या तोंडावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही ट्रेलरच्या मागे गेलात, ब्रेकर ठेवायला आलेल्या जेसीबीकडे पाहत उभे राहिलात. ब्रेकर ठेवला, दोन्ही बकेट ठेवल्या, मागची वाट भरून गेली. माती अर्धीच निघाली होती. तुम्ही प्रत्येक साखळी स्वतः ओढून पाहिली आणि केबिनमध्ये चढलात. ऑपरेटर नेहमीसारखा शेजारी बसायला आला, तर त्याला खाली उतरवलं. "तू जीपनं ये," एवढंच म्हणालात. मला वाटलं, रुसलात.

संध्याकाळी चारच्या सुमाराला तुमचा फोन आला. "ताई, पूल आला. मशीन उतरत नाही, मागून वाट बंद आहे. ट्रेलरवर उभं राहून मशीननं ब्रेकर उचलला त गाडी कलंडन. एक जेसीबी पाठवा, सामान खाली घेऊ, दोन तासाचं काम आहे."

मी तेव्हा परतीच्या जीपमध्ये होते, पार्टीचे तीन फोन येऊन गेले होते. मी म्हटलं, "चाचा, त्या पुलावरून रोज उसाचे ट्रक जातात." त्या भागात ऊस होत नाही, चाचा. तोंडात येईल ते बोलले. "हळू काढा आणि या."

तुम्ही "बरं" म्हणालात.

पुढचं मला लोकांकडून कळलं. तुम्ही दोन्ही बाजूंची वाहनं लांब थांबवलीत. मागे उभ्या एसटीतल्या बायका-पोरांना खाली उतरवून शेताच्या बांधावर बसवलंत. एकटे चढलात. घोडा पार झाला, ट्रेलरची पुढची चाकं पार झाली, आणि मागची चाकं मधोमध आल्यावर पुलाची डावी बाजू खचली. ट्रेलर झुकला, पण तुमच्या साखळ्या सुटल्या नाहीत. मशीन कलंडली असती तर बांधावरच्या माणसांवर नाही, पण तुमच्यावर आली असती. क्रेन येईपर्यंत तुम्ही ब्रेक दाबून आत बसून होता. कोणाला खरचटलंही नाही. पूल मात्र गेला. तीन गावांची एसटी कितीतरी महिने फिरून गेली, कॉलेजच्या पोरी पाच पाच किलोमीटर पायी आल्या.

मी पोहोचले तोवर तुमचा जबाब देऊन झाला होता. "म्याच चढवलं. मालकीणबाईले इचारलं नाही." शेतातली ती पंधरा-वीस माणसं पार्टीची, ती कशाला बोलतील? मी तोंड उघडायला गेले, तर तुम्ही मला बाजूला घेऊन गेलात आणि अगदी शांतपणे म्हणालात, "ताई, माहं लायसन सहा महिन्यानं परत भेटन. तुमचं परमिट गेलं त परत भेटत नाही. घरी भाऊ अंथरुणावर आहेत. बोलू नोका."

आणि मी बोलले नाही. मला वाटलं, आज गप्प बसू, पुढे कधीतरी सांगू. गप्प बसायला किती सोपं असतं ते त्या दिवशी कळलं.

सहा महिने तुम्ही यार्डात स्प्रिंगचे पाटे आणि टायर सांभाळत बसलात. मी तुमचा पगार चालू ठेवला, दंड भरला आणि त्यालाच प्रायश्चित्त समजले. ईदच्या दिवशी चाचीसाठी साडी पाठवली. त्यांनी ती ठेवून घेतली आणि बदल्यात शेवयांचा डबा पाठवला. मला तेव्हाही समजलं नाही की मी साडीने काय झाकते आहे.

यावर मी तुमच्याशी मनातल्या मनात अजून भांडते. तुम्ही किल्ली माझ्या अंगावर फेकून निघून का गेला नाहीत? तीस वर्षांचा अनुभव, पंचक्रोशीत नाव, आणि मी काय, परवा परवा आलेली एक तापट मास्तरीण. तुम्ही एक घाव दोन तुकडे केले असते तर पूल वाचला असता. तुम्ही एकदाच, मी न विचारता, टायर बदलता बदलता बोललात. "म्या उतरलो असतो त तुमी दुसरा ड्रायव्हर बसवला असता. त्यानं एसटी खाली केली नसती."  त्या दिवशी जीपमध्ये माझ्या हातात दुसऱ्या ड्रायव्हरचा नंबर खरोखरच उघडा होता. हे तुम्हाला कसं कळलं होतं?

त्यानंतर तुमच्याशी बोलायची संधी मला मिळालीच नाही असं नाही. तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आपण अकोल्याला गेलो होतो, बाकावर तासभर बसून होतो. मी सुरुवात केली, "चाचा, त्या पुलाचं..." तुम्ही लगेच म्हणालात, "ताई, त्या चहावाल्यानं माह्या चहात साखर त नाही टाकली?" मी सुटल्यासारखी उठले आणि चहावाल्याला विचारायला गेले. साखर टाकली नव्हती. परत येऊन बसले तर विषय संपलेला होता. तुम्ही मला वाचवत होता की तुम्हालाच ते ऐकायचं नव्हतं, हे मला आज कोण सांगणार?

तुम्ही गेल्याच्या दिवशी मी बार्शीटाकळीला तुमच्या घरी आले होते, पण बायकांमध्ये बसून परतले. बोलायची ती वेळ नव्हती. दोन आठवड्यांनी परत गेले. चाची इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावरचे ते चार महिने घराबाहेर न पडण्याचे, म्हणून आतल्या खोलीत होत्या. तुमची मुलगी शबाना नुकतीच शाळेत शिकवून आली होती, उर्दू शाळेच्या वह्यांचा गठ्ठा अजून काखेत. मी बसलेही नाही. उभ्याउभ्याच तिला सगळं सांगितलं. शेत, किल्ली, ब्रेकर, फोन, सगळं. तिला म्हटलं, तुमच्या वडिलांनी तो माल चढवला नव्हता, मी चढवायला लावला.

मला वाटलं होतं, ती रडेल किंवा मला माफ करेल. दोन्हीची तयारी करून गेले होते. तिने वह्या खाली ठेवल्या आणि दारातून बाहेर बोट दाखवलं. टिनाच्या शेडखाली एक बाज होती.

"थे बाज दिसते का तुमाले? पहिले अब्बा घरी आले का सांजच्याले तिथं चार-दोन ड्रायव्हर बसून राहत. मोठा माल भेटला का अब्बाकडे येत. कोण्या रस्त्यानं जाऊ, मशीन पुढे घेऊ का मागे, कोणता पूल टाळू. अब्बा मातीत काडीनं रस्ता काढून दाखवत. पुलाच्या नंतर एक एक करून सारे बंद झाले. ज्यानं पूल पाडला त्याले कोण इचारते? अब्बा तरी घरी आले का बाज झटकून ठेवत, दोन गिलास धुऊन ठेवत."

 तुमचं लायसन सहा महिन्यांनी परत आलं, एवढंच मी धरून बसले होते. बाजेचं मला माहीतच नव्हतं. यार्डात तुम्ही हसायचे, कोणी "पूलवाले चाचा" म्हटलं तरी हसायचे, आणि मी समजायचे की गोष्ट जुनी झाली.

"अब्बा गेल्यावर सांगून राहिल्या तुमी," शबाना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. वर्गात पोरांना सांगतात तसं सांगितलं. "मले सांगून मोकळ्या नोका होऊ. मी त माह्या बापाले ओळखत होती. ज्यायनं इचारणं सोडलं, त्यायले सांगा."

आतून चाचींचा आवाज आला, "चाय पी के जाना, बेटा." मी चहा प्यायले. 

गेल्या आठवड्यात मी अकोल्याला गेले. बायपासवर ट्रेलर उभे राहतात त्या अड्ड्यावर, भर दुपारी, सगळे जेवून बसलेले असतात त्या वेळेला. तिथे सहसा कोणी बाई जात नाही, म्हणून सगळ्यांची बोलणी थांबली. बरंच झालं. मी म्हटलं, माझं काम आहे, पाच मिनिटं ऐका. आणि सांगितलं. शाळेत फळ्यासमोर बोलायची सवय होती म्हणून आवाज फुटला, नाहीतर फुटला नसता. दोन पार्ट्यांची माणसंही तिथे चहा पीत होती. त्यांनीही ऐकलं. पुढे काय व्हायचं ते होईल. परमिटचं काय होतं ते बघू. झाकायला आता तुम्ही नाही आणि बाबाही नाहीत.

 मग बबनभाऊ बोलले, तुमच्याच वयाचे, तुमच्यासोबत गाड्या चालवलेले. "सात वर्ष लागले, ताई?"

"हो," मी म्हटलं.

"चाचानं एकडाव बी तुमचं नाव नाही घेतलं. आन् आमी..." त्यांनी विडी पायाखाली चुरली. दुसरा एक जण उठून आपल्या गाडीकडे निघून गेला. तो रागावला होता की शरमला होता, मला कळलं नाही. कोणी मला बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही.

मी निघाले तेव्हा गजानन नावाचा एक ड्रायव्हर मागून आला. चाळिशीचा, शांत माणूस. त्याच्या ट्रेलरवर पोकलेन चढलेली होती आणि खाली रस्त्याच्या कडेला पार्टीचा ब्रेकर आणि डिझेलचे ड्रम ठेवलेले होते, चढायची वाट पाहत. त्याला पिंजरकडे जायचं होतं.

"ताई," तो म्हणाला, "हे सामान मी दुसऱ्या खेपेले नेतो, पार्टीले सांगून देतो. पण त्या पिंजरच्या रस्त्यावरच्या बुटक्या पुलापाशी चाचा मशीन कोण्या अंगानं उतरवत होते? डाव्या का उजव्या? एका अंगानं चिखल आहे म्हणतात, मशीन फसते. तुमच्याच गाडीनं त कितीक डाव गेले थे. तुमाले माहीत असन."

सात वर्षांनी कोणीतरी तुम्हाला विचारायला आलं होतं, चाचा, आणि तुमच्याऐवजी तिथे मी उभी होते.  तुम्ही त्या रस्त्याने माझा ट्रेलर कितीदा नेला असेल, त्या नाल्याचा चिखल कोणत्या बाजूला आहे हे तुम्ही झोपेतही सांगितलं असतं. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी त्याला खरं ते सांगितलं. म्हटलं, गजाननभाऊ, मला माहीत नाही. दहा वर्षं मी चाचांना रस्त्यात फोन केला, आणि दर वेळेला एकच विचारलं, चाचा, कधी पोहोचता?